कार्डावरची जळकी रेघ

तुम्ही मला खोटारडा म्हणालात. आधी छापून म्हणालात. तेव्हा मी गप्प राहिलो, कारण ते इंग्रजीत होतं आणि आमच्याकडे ते वाचणारी चार टाळकी होती. मग यंदा, त्र्याऐंशीच्या जानेवारीत, वर्ध्याच्या एका कॉलेजच्या हॉलात, माझ्या घरापासून पाच मैलांवर, तेच तुम्ही मराठीत म्हणालात आणि दीडशे माणसं हसवलीत. भिंतीवर पडदा होता, पडद्यावर उपग्रहानं वरून काढलेलं ढगांचं चित्र होतं, पिंजलेला कापूस पसरावा तसं. तुमच्या हातात लांब काठी होती. काठीचं टोक बरोबर आमच्या जिल्ह्यावर टेकवून तुम्ही म्हणालात, की इथल्या एका केंद्रावर भर पावसात लख्ख ऊन पडायचं, तिथल्या निरीक्षकाच्या खिशातच सूर्य असावा बहुतेक. पहिल्या रांगेतले प्राध्यापक हसले म्हणून मागचे हसले. माझ्या बाजूला बसलेल्या एका मास्तरनं माझ्या मांडीवर थाप मारली, जसं काही आम्ही दोघं लंगोटीयार. आणि मी पण हसलो. ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. मी हसलो, दात दाखवून, आणि हसू तोंडावरून उतरेना. जबडा दुखत होता तरी उतरेना. माणसाच्या तोंडावर त्याच्याच विरुद्धचं हसू असं चिकटून बसतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते हसू अजून माझ्या गालाच्या आत आहे. जेवताना घासाबरोबर लागतं.

शेवटी तुम्ही विचारलं, काही शंका? मी ठरवून गेलतो. शर्टाच्या खिशात कागद होता, त्यावर सात मुद्दे आकडे घालून लिहिले होते. मी हात वर केला, उभा राहिलो आणि सातही मुद्दे डोक्यातून असे उडाले जसे फटाक्यानं पारवे उडतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. साडेतीन वर्षांपूर्वी गोदामाच्या छपरावरून माझ्या खांद्याचा आधार घेऊन तुम्ही शिडी उतरला होता, तोच खांदा होता, पण ओळखलं नाही. मी एवढंच विचारू शकलो, "साहेब, सूर्यप्रकाशाच्या कार्डावर तारीख कोणती टाकायची असते?" तुम्ही चष्मा वर सरकवला. "ज्या दिवसाचं ऊन, त्या दिवसाची. यात शंका कसली?" पुन्हा हशा झाला, आधीच्यापेक्षा लहान. मी बसलो. मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काऊन बा, एवढंही नाई माहीत तुले?" मला माहीत होतं, साहेब. तुमच्याही आधीपासून माहीत होतं. आणि माहीत असून मी तुमचं ऐकलं, हा माझा गुन्हा. बाकी सगळे तुमचे.

मी प्रेमदास. मॅट्रिक नापास, गणितात नाही, इंग्रजीत. धाम नदीच्या अलीकडे, पवनारच्या वाटेवर बियाण्याचा फार्म आहे, तिथं मी पंप चालवायचो आणि सकाळी साडेआठला पर्जन्यमापक आणि थर्मामीटर वाचायचो. एकोणऐंशीच्या जूनमध्ये तुमची जीप आली. तुमच्या मांडीवर लाकडी पेटी होती, पेटीत गवत, गवतात काचेचा गोळा, बेलफळाएवढा. गोदामाच्या छपरावर लोखंडी शिडीनं आपण तो चढवला. गोळ्याच्या पाठीमागे वाटीसारख्या वाकवलेल्या पट्टीत निळं कार्ड सरकवायचं. ऊन गोळ्यातून गोळा होऊन कार्डावर पडतं आणि कार्ड जाळत जातं. सूर्य सरकतो तशी जळकी रेघ सरकते, ढग आला की रेघ तुटते. तुम्ही कार्ड नाकाशी धरून मला हुंगायला लावलं होतं. करपलेल्या भाकरीच्या काठाचा वास. तुम्ही तेव्हा माणसासारखे बोलत होता. म्हणालात, उपग्रहाला ढगाची पाठ दिसते, पांढरी, उन्हात चकाकणारी. ढगानं किती ऊन वर परतवलं ते तो सांगतो. पण खाली किती उतरलं ते त्याला काय ठाऊक? ते हा गोळा सांगणार. "ढगाला दोन बाजू असतात, प्रेमदास. वरची मी पाहतो. खालची तू पाहा." हे वाक्य मी किती दिवस चघळलं असेल! मला आयुष्यात कोणी अर्धा ढग दिला नव्हता. माझ्या बापानं तर दीड एकर देतानाही तोंड वाकडं केलं होतं.

आणि मग ते झालं, जे तुम्ही विसरलात. तुम्ही सांगितलं, कार्ड रोज सूर्यास्तानंतर बदलायचं. मी म्हणालो, साहेब, फार्मचं फाटक सहाला बंद होते, चौकीदार शिडीले कुलूप लावते, अन् जूनमधी सूर्य सात वाजता बुडते. पहाटे पाचले फाटक उघडते, मी ऊन निघायच्या आत येऊन बदलीन, चालते का? तुम्ही म्हणालात, चालेल, रात्री काही सूर्य निघत नाही. आपण दोघं हसलो, ते हसू बरोबरीचं होतं. मी विचारलं, मंग तारीख कोन्ती टाकू, आदल्या दिवसाची का काढल्या दिवसाची? तुम्ही घड्याळ पाहत होता. तुमची गाडी होती नागपूरहून. खाली जीपवाला भोंगा वाजवत होता आणि प्रभाकरराव, आमचे फार्मचे साहेब, हातात संत्र्यांची करंडी घेऊन उभे होते. तुम्ही शिडीवर एक पाय ठेवून म्हणालात, "पावसाचं जसं लिहितोस तसंच लिही." झालं. आता पावसाचा नियम सगळ्या हिंदुस्थानात एक आहे. काल दिवसभर आणि रात्रभर पडलेला पाऊस आज सकाळी साडेआठला मोजायचा आणि आजच्या तारखेवर मांडायचा. पावसाला ते शोभतं. उन्हाला शोभत नाही, हे मला शिडीवरच कळलं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण तुमचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि ज्याचा हात खांद्यावर आहे त्याची चूक काढणं आमच्या घरी कोणी शिकवलं नाही. शिवाय वाटलं, एवढा मोठा माणूस, आकाशाच्या पलीकडून पाहणारा, त्याचा काही हिशेब असेल.

दोन वर्षं मी तो गोळा सांभाळला, पोटच्या पोरासारखा नाही, पोरं आम्ही तेवढी सांभाळत नाही. रोज पहाटे पाच वाजता सायकल, शिडी, जुनं कार्ड काढणं, त्यावर त्या सकाळची तारीख, नवं कार्ड, धोतराच्या मऊ फडक्यानं काच पुसणं. मग दर तासाला किती जळलं ते मोजून तक्त्यात भरणं, कार्बन लावून. महिन्याच्या शेवटी कार्डांचा गठ्ठा आणि तक्ता तुम्हाला, कार्बनची नक्कल मला. पंपाच्या आवाजातसुद्धा मी वर पाहत राहायचो. नलू, माझी बायको, म्हणायची, "तुमची मान अशीच अडकून राह्यन एक दिवस, मंग भाकरी आभायातूनच मागजा." एकदा आश्विनात वानरांची टोळी छपरावर आली आणि एका हुप्प्यानं गोळा चाटला. त्याच्या थुंकीनं दुपारची रेघ फिकट जळाली. मी इमानदारीनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की वानरानं गोळा चाटल्यामुळे एक ते दोनची नोंद संशयास्पद. तुमच्या कचेरीतून टाइप केलेलं पत्र आलं, शेऱ्याच्या रकान्यात वानरांबद्दल लिहू नये, फक्त आकडे पाठवावेत. त्या दिवसापासून मी तो रकाना कोरा सोडला. आता कळतं, तो रकाना कोरा सोडला आणि माझी जीभ तुमच्या हातात दिली.

एक्याऐंशीच्या पावसाळ्यात तुमचा निबंध छापून आला. प्रभाकररावांनी तो मला कपाटात ठेवायला दिला. मी आपलं नाव शोधलं. लाज वाटते सांगायला, पण माणूस शोधतो. नाव नव्हतं. तळटीप होती, मुंगीच्या अक्षरात. चार दिवस डिक्शनरी घेऊन बसलो तेव्हा अर्थ लागला. वर्धा येथील निरीक्षकाने उपकरण न पाहताच आकडे भरले असावेत असे दिसते, सबब त्या नोंदी वगळल्या आहेत. शेजारी अकरा तारखा दिल्या होत्या, एकोणऐंशीच्या जुलै ते सप्टेंबरच्या. त्या दिवशी उपग्रहाला आमच्यावर गच्च ढग दिसले होते आणि माझ्या तक्त्यात सहा-सात तास ऊन होतं. प्रभाकररावांकडे कुठूनतरी वेगळं पत्रही आलं असावं, कारण पंधरा दिवसांत गोळा उतरवला, थर्मामीटर आणि पर्जन्यमापक दुसऱ्याकडे गेले. "चंद्र-सूर्य सोड आता, पंप पाह्य," प्रभाकरराव म्हणाले. वाईट माणूस नाही तो. पुढे म्हणाले, "अरे, घरी बसून आकडे भरनारे का कमी हायेत? पन सापडाचं कायले?" त्यांनाही ते खरं वाटत होतं. मला दोन वर्षं पहाटे शिडी चढताना ज्यांनी पाहिलं त्या माणसाला. फार्मवरचे गडी मला विचारू लागले, "काय प्रेमदास, आज ऊन किती टाकलं?" लग्नकार्यात पंगतीत बसलो की कोणीतरी पत्रावळीवर वाढता वाढता आभाळाकडे बोट करायचा. चोर म्हटलं असतं तर बरं होतं. चोराला निदान काहीतरी मिळालेलं असतं. खोट्या साक्षीदाराला काय मिळतं? आणि मी साक्षीदार कोणाचा, तर सूर्याचा. त्याला माझी गरज नव्हती, मला त्याची होती.

तिथून मी सूड शिकायला लागलो. दुसरा शब्द मला माहीत नाही. न्याय वगैरे शिकलेल्या माणसांचे शब्द आहेत. सेवाग्रामच्या दवाखान्यात एक ओळखीचा कंपाउंडर होता, त्याच्याकडून जुनी इंग्रजी पुस्तकं आणली. नागपुरात रद्दीत भौतिकशास्त्र मिळालं. किरण म्हणजे काय, उष्णता कशी परत वर जाते, ढग तिला कसा अडवतो, सगळं मी पंपाच्या बाजूला बसून, मोटारीच्या घरघरीत, ओठ हलवत वाचलं. मला तुमची रेघ मोडायची होती. निबंधात तुमची एक सरळ रेघ आहे, चित्रातला ढग जितका उजळ तितकं जमिनीवरचं ऊन कमी, आणि भोवती ठिपके, एकेका केंद्राचे. मला त्या रेघेच्या बरगडीत सुरी घालायची होती. शेवटी तुम्ही तक्ता जोडला आहे, तारीखवार, आमच्या डोक्यावरच्या ढगाचा उजळपणा. मी माझ्या कार्बनच्या नकला काढल्या, त्यांच्या निळ्या शाईनं बोटं निळी झाली, आणि तुमच्या अकरा तारखा समोर ठेवल्या. आणि मग मी काही केलं नाही. फक्त माझा आकड्यांचा रकाना एक घर वर सरकवला. तेरा तारखेचा बारावर, बाराचा अकरावर. अकराच्या अकरा तारखांना ढगाखाली ढग बसला. पुढे सगळे दिवस बसवले. माझे ठिपके एकेक करून तुमच्या रेघेवर जाऊन बसले, शाळेत घंटा झाल्यावर पोरं रांगेत बसतात तसे. तुमची रेघ बरोबर आहे, साहेब. हे लिहिताना मला जेवढं दुःख होतं तेवढं बाप मेला तेव्हा झालं नव्हतं. वर्षभर सुरी पाजळली आणि शेवटी तुमचंच शास्त्र पक्कं करून दिलं.

नलूला मी हे दाखवलं. तिला आकडे समजत नाहीत पण माणसं समजतात. ती निवडत बसलेली तूर बाजूला ठेवून कागदाकडे पाहत म्हणाली, "म्हनजे तुमी खोटे नाई."

"नाई."

"अन् थो बी खोटा नाई."

"त्यानं मले सांगितलं होतं तसं लिहाले."

"त्याले आठवते का?"

मी म्हणालो, नसंल आठवत. ती तुरीचं सूप पुन्हा पुढ्यात ओढत म्हणाली, "मंग तुमाले मालूम होतं का नाई, का हे चूक होऊन राह्यलं?" मी उठून बाहेर गेलो. बायकांना नेमकं तेच विचारायचं सुचतं जे विचारू नये. बाहेर लख्ख ऊन होतं आणि मी त्याच्याकडे पाहायची सवय मोडलेली असल्यामुळे डोळ्यांपुढे काळे डाग नाचले. त्या डागांत मला ऐंशी सालचा तो शनिवार आठवला, सोळा फेब्रुवारीचा. मी तो दोन वर्षं आठवू दिला नव्हता. माणूस काय काय गाडून ठेवतो आणि वरून पंप चालवतो.

सोळा फेब्रुवारीला खग्रास ग्रहण होतं. खग्रास दक्षिणेकडे, आमच्याकडे सूर्याची कोर राहणार होती. फार्मवर कोणी आलं नाही. वर्ध्याच्या रस्त्यावर एस.टी. रिकाम्या धावत होत्या, नागपूर रस्त्यालाही सामसूम. नलूला सातवा महिना होता. माझ्या आईनं, मनकर्णाबाईनं, तिला अंधाऱ्या खोलीत ताठ बसवून ठेवलं होतं, काही चिरायचं नाही, काही मोडायचं नाही, पाय आखडायचा नाही. मी सायकल काढली तेव्हा आई उंबऱ्यात आडवी आली. "सूर्याले गिऱ्हान लागून राह्यलं अन् तू त्याचं तोंड पाहाले जातं? पोटात लेकरू हाये तुह्या बायकोच्या." मी म्हणालो, सरकारी काम आहे. सरकार कोण, तर तुम्ही. दुपारचा चौकीदारही दारं लावून आत बसला होता. छपरावर मी एकटा. अडीचच्या सुमारास ऊन जुन्या पितळेसारखं झालं, सावल्यांच्या कडा धारदार झाल्या. लिंबाखाली जमिनीवर कवडसे पडतात ना, ते सगळे कोयत्याच्या आकाराचे झाले, शेकडो कोयते. कार्डावरची रेघ बारीक होत चालली, मग सुताएवढी, मग केसाएवढी, आणि पावणेचारच्या अलीकडे धूर थांबला. आकाशात एक ढग नव्हता, नावाला नव्हता, आणि रेघ तुटली. मी त्या जागी बोट धरलं. सूर्य माझ्या बोटावर होता आणि बोट जळत नव्हतं. पारवे गोदामाच्या वळचणीला येऊन बसले. वीस-बावीस मिनिटं मी तसाच बोट धरून राहिलो, आणि मग एकाएकी चटका बसला. तो चटका मला देवदर्शनासारखा वाटला, माझा देवावर विश्वास नसतानाही. वाटलं, हे आता तुम्ही पुण्याला, मुंबईला, जिथं कुठं असाल तिथं वरून पाहत असाल, चंद्राची काळी सावली ढगाविना पृथ्वीवरून सरकताना. वरची बाजू तुमची, खालची माझी. मी सुखी होतो. आमची लेक कोकिळा एप्रिलात जन्मली, धडधाकट, आईचं सगळं भय खोटं पाडून.

पण मी दुसऱ्या पहाटे काय केलं ते सांगतो. ते कार्ड काढलं. मध्ये रेघ तुटलेली, दोन्हीकडे निमुळती, कोणी पेन्सिलला दोन्ही बाजूंनी टोक काढावं तशी. पेन उघडलं. तारीख घालायच्या जागी हात थांबला. सोळा लिहावं, असं मनानं सांगितलं. साऱ्या देशाला ठाऊक होतं की ग्रहण सोळाला लागलं. गावातली म्हातारीसुद्धा सांगेल. शेजारी तक्त्यात शेऱ्याचा रकाना होता, तिथं एक शब्द लिहिला असता तरी पुरे होता. पण तिथं वानरांची बंदी होती, आणि तारखेला तुमचा हुकूम होता. मी सतरा लिहिलं. स्वच्छ, वळणदार अक्षरात, सतरा दोन ऐंशी. मला आज ज्याचा राग येतो तो तुमचा विसर नाही. तुम्ही विसरलात, माणूस विसरतो. राग येतो तो या हाताचा, ज्यानं सूर्याचं न ऐकता तुमचं ऐकलं. आणि माझ्या हातावरचा राग मी तुमच्यावर काढणार आहे, कारण त्या हाताला ती सवय तुमच्यासारख्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या लावली. हे न्यायाचं नसेल. नसू द्या.

मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं, आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे. संबंधित विभाग म्हणजे कोण? छपरावर दोनच माणसं होती. दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नाही. मग तुम्ही स्वतः वर्ध्याला आलात आणि काठीचं टोक माझ्या घरावर टेकवलंत, आणि भर सभेत विचारल्यावर म्हणालात, ज्या दिवसाचं ऊन त्या दिवसाची तारीख. म्हणजे नियम तुम्हाला माहीत आहे. मग शिडीवर पाय ठेवून तुम्ही मला जे सांगितलं ते कोणाचं होतं? मी इथं तुमचं नाव लिहीत नाही. दया म्हणून नाही. तुम्ही मला "निरीक्षक" लिहिलंत, मी तुम्हाला "साहेब" लिहितो, फिटंफाट. पण हे मी मासिकाला देणार आहे, पुढं दुसऱ्या मासिकाला देईन, आणि जिथं जिथं तुमचं भाषण असेल तिथं मागच्या रांगेत मी बसलेला असेन. हसणार नाही. प्रभाकरराव म्हणतात, नोकरी जाईल. गेली तर जाईल. नलू म्हणते, "त्याच्यापाशी मागसान तर चांगलं एकच मांगजा, लई मांगसान तर काईच नाई देनार." बरोबर आहे तिचं. म्हणून एकच मागतो.

कार्डं माझ्याकडे नाहीत. मूळ कार्डं सगळी तुमच्याकडे आहेत, तुमच्या संस्थेच्या कुठल्यातरी कपाटात, सुतळीनं बांधलेली, गाठ माझी. पावसाळ्याचे गठ्ठे तुम्ही सोडले असतील. फेब्रुवारी ऐंशीचा सोडला नसणार, निबंधाला तो लागत नव्हता. तो काढा. धूळ झटका. सतरा तारखेचं कार्ड उजेडात धरा, दुपारी पावणेचारची जागा पाहा, जिथं रेघ दोन्ही बाजूंनी निमुळती होऊन तुटली आहे. उपकरण न पाहता, घरी बसून, कोणत्या माणसाला तशी रेघ जाळता येईल? मग सही करून एका ओळीत लिहा, आणि ते तळटिपेच्या अक्षरात नको, निबंधाच्या अक्षरात छापा. सतरा फेब्रुवारीला सूर्याला ग्रहण लागलं होतं असं तरी म्हणा, नाही तर त्या शिडीवर तुम्ही मला काय सांगितलं ते म्हणा. दोन्हींतलं एक खोटं आहे. कोणतं, साहेब? सांगा.